शेअर्ड फोल्डर बंद केला, तरी क्लायंटचे कागद तिथेच का येतात?

तक्रार अशी आहे. ऑफिसने ठरवलं, यंदापासून क्लायंटचे कागद जुन्या शेअर्ड फोल्डरमध्ये घ्यायचे नाहीत. प्रत्येक पार्टीला तिची स्वतंत्र लिंक, सोबत काय काय हवं त्याची यादी, आणि काय आलं, काय राहिलं ते दाखवणारी एक शीट. जूनमध्ये पंधरा दिवस सगळं सुरळीत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन येतो, "अहो, मी तर केव्हाच टाकलंय. बघा ना नीट." शीटवर नाही. नव्या जागी नाही. शेवटी जुन्या फोल्डरच्या पोटात, 'इतर' नावाच्या उपफोल्डरच्या आतल्या 'नवीन फोल्डर २' मध्ये 'स्कॅन ०००४' नावाची पीडीएफ सापडते. बँकेचं स्टेटमेंट आहे. पासवर्ड लागतो.

पुण्यात टिळक रस्त्यालगतच्या एका सीए ऑफिसात कागद गोळा करणं आणि तारखा सांभाळणं हे माझं काम. क्लायंट दीडशेच्या आसपास: हिंजवडीचे पगारदार, भोसरीचे वर्कशॉपवाले, मार्केट यार्डातले दोन आडते, सहकारनगर-बिबवेवाडीकडचे पेन्शनर. हे दुखणं आम्हाला २०२३ आणि २०२४ च्या हंगामात लागोपाठ झालं, २०२५ ला उतरलं. या काळात काय काय चुकलं ते खाली लिहिते. ज्या क्रमाने तपासायला हवं होतं तो क्रम ठेवलाय. आम्ही नेमकं उलट्या टोकाकडून सुरू केलं होतं, म्हणजे 'लोकांना शिस्तच नाही' इथून.

जुनं दार खरंच बंद आहे का?

आम्ही सगळ्यांना मेसेज पाठवला, 'कृपया यापुढे जुना फोल्डर वापरू नये', आणि तो बंद झाला असं धरून चाललो. शिवाय फोल्डरमध्ये सगळ्यात वर दिसावी म्हणून '००' ने सुरू होणारी एक रिकामी फाइल ठेवली: 'येथे कागद टाकू नयेत. टाकल्यास पाहिले जाणार नाहीत.' पाटी अस्सल पुणेरी होती आणि पाटीचा जेवढा परिणाम होतो तेवढाच झाला. लोकांनी तिच्या शेजारी कागद टाकले.

गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये शिरायचे तीन रस्ते असतात आणि ते तिन्ही वेगवेगळे बंद करावे लागतात. पहिला, नावानिशी दिलेला प्रवेश. दुसरा, 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय. तो 'एडिटर'वर असेल तर यादीतली सगळी नावं काढली तरी व्हॉट्सॲपवर तीन वर्षांपूर्वी पाठवलेली लिंक चालूच राहते. तिसरा रस्ता सापडायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला, तो म्हणजे उपफोल्डर. वरच्या फोल्डरमधून माणसाचं नाव काढलं, पण आतला एखादा उपफोल्डर कधीकाळी त्याला थेट शेअर केलेला असला, तर तिथला त्याचा प्रवेश शाबूत राहतो. भोसरीच्या एका वर्कशॉपचे अकाउंटंट असेच 'परचेस बिलं' या उपफोल्डरात महिनोन्‌महिने बिलं टाकत होते. त्यांच्या दृष्टीने काही बदललंच नव्हतं. फोल्डर उघडतोय, फाइल चढतेय, मग ऑफिसची बाई का ओरडतेय?

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा. प्रत्येक क्लायंटचा फोल्डर आणि त्यातला प्रत्येक उपफोल्डर उघडून शेअरिंग बघायचं. 'लिंक असलेल्या कोणालाही' काढून 'रिस्ट्रिक्टेड' करायचं. ज्यांना जुने कागद लागतात त्यांना 'व्ह्यूअर' ठेवायचं. कोणाला पूर्ण हाकलू नका. जुनी रिटर्नं लोकांना गृहकर्जाला, व्हिसाला लागतात आणि ती दिसेनाशी झाली की त्याचे फोन वेगळे सुरू होतात. बघता यावं, टाकता येऊ नये, एवढंच हवं. मग ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत जुनी लिंक चिकटवून बघा. ते पुरेसं नाही. एखाद्या क्लायंटला शेजारी बसवून त्याच्याच फोनवरून जुन्या जागी फाइल टाकायला सांगा. चढली, तर अजून एक रस्ता उघडा आहे.

नेलेली फाइल तीन महिन्यांनी गायब

२०२३ मध्ये आम्ही जुन्या फोल्डरमधल्या फायली ओढून नव्या फोल्डरांमध्ये नेल्या. ऑडिटच्या वेळी उघडायला गेलो तर एका पार्टीची वर्षभराची बिलं नाहीत. डिलीट कोणी केली? आधी आर्टिकल मुलांवर, म्हणजे ऑफिसात सीएची उमेदवारी करणाऱ्यांवर, संशय घेतला गेला. तो अन्याय होता. पुढे मिसळ खिलवून मिटवला.

कारण निघालं मालकी. साध्या जीमेल खात्यावरच्या ड्राइव्हमध्ये, तुमच्या शेअर्ड फोल्डरात क्लायंटने चढवलेली फाइल क्लायंटच्याच मालकीची राहते. जागासुद्धा त्याच्याच खात्यातली अडते. तुम्ही ती उचलून तुमच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली तरी मालक तोच. फुकट खात्याला १५ जीबी जागा मिळते, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. घरात लग्न झालं, व्हिडिओ चढले, 'जागा संपत आली' असा इशारा आला, की माणूस जुन्या जड फायली उडवायला बसतो. ऑफिसला तर कागद देऊन झालेत, मग आपल्याकडे कशाला ठेवा, असा साधा हिशेब. फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते आणि मग कायमची जाते. त्याच्याकडून जाते तशी आपल्याकडूनही जाते.

म्हणून स्थलांतर करताना फाइल हलवायची नाही, प्रत काढायची. 'मेक अ कॉपी' केली की नव्या प्रतीचे मालक तुम्ही. पण ड्राइव्हच्या वेबपानावर आख्खा फोल्डर कॉपी होत नाही, आतल्या फायली निवडाव्या लागतात. आम्ही शेवटी एकेका क्लायंटचा फोल्डर डाउनलोड केला आणि ऑफिसच्या खात्यातून नव्या जागी चढवला. इथे एक खाच आहे. मोठा फोल्डर उतरवताना गूगल त्याचे अनेक झिप तुकडे करतं आणि त्यातला एखादा उघडायचा राहून जातो. उतरवण्याआधी फायली किती होत्या, चढवल्यावर किती झाल्या, हे दोन आकडे क्लायंटच्या नावासमोर लिहून ठेवा. मी वहीत लिहिते. शीटमध्ये लिहिलं की कोणीतरी दुरुस्त करतं.

गूगल वर्कस्पेसच्या काही प्लॅनमध्ये 'शेअर्ड ड्राइव्ह' मिळतो. त्यातल्या फायलींची मालकी व्यक्तीकडे नसून संस्थेकडे असते, त्यामुळे हा प्रश्न तिथे येत नाही. नावं सारखी असल्याने घोळ होतो: शेअर्ड फोल्डर वेगळा, शेअर्ड ड्राइव्ह वेगळा. आमच्याकडे वर्षभर सगळे एकाला दुसरं म्हणत होते आणि आपली मालकी आहे अशा भ्रमात होते.

जुनं किती न्यायचं यावर ऑफिसात वाद झाला. सर, म्हणजे ऑफिसचे सीए, म्हणाले सगळं न्या. मी म्हटलं फक्त चालू वर्ष. हिशेबाची पुस्तकं आयकराच्या नियमाप्रमाणे संबंधित आकारणी वर्ष (कमाईच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून ६ वर्षं ठेवायची असतात आणि जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, त्यामुळे जुनं दप्तर लागणार हे खरंच. पण ते नव्या रचनेत कोंबायची गरज नाही. एक पूर्ण प्रत उतरवून ऑफिसच्या डिस्कवर आणि तिची दुसरी प्रत सरांच्या घरी, एवढं पुरलं. नव्या जागी गेलं ते चालू वर्ष आणि प्रत्येक क्लायंटचा 'कायम' नावाचा फोल्डर. त्यात पॅन, भागीदारी करारनामा, जीएसटीचं प्रमाणपत्र आणि घराच्या खरेदीची इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा. हा शेवटचा कागद सहा वर्षांच्या हिशेबात कधीच टाकू नका. पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेला कोथरूडचा फ्लॅट विकायला निघाल्यावर भांडवली नफा काढायला तोच लागतो, आणि तेव्हा तो कोणाच्याच कपाटात नसतो.

'२०२४-२५' म्हणजे नक्की कोणतं वर्ष?

यात फार खोल जात नाही, पण आमच्या चुकीच्या जागी पडलेल्या फायलींपैकी बऱ्याच या एका गोष्टीमुळे पडल्या होत्या. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं आकारणी वर्ष २०२५-२६. फॉर्म १६ वर, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणाऱ्या कंपनीच्या प्रमाणपत्रावर, आकारणी वर्ष छापलेलं आणि शेजारी कमाईच्या वर्षाच्या तारखा. क्लायंट एक बघतो, आर्टिकल दुसरं बघतो, आणि फोल्डरच्या नावात नुसतंच '२०२४-२५'. आयकर अधिनियम, २०२५ ने हा दुहेरी प्रकार काढून 'कर वर्ष' हा एकच शब्द ठेवला, पण तो १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला. आधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्याच भाषेत चालणार, म्हणजे काही वर्षं दोन्ही शब्द एकाच टेबलावर नांदतील. आम्ही क्लायंटला दिसणाऱ्या कुठल्याही नावातून दोन्ही शब्द काढले. लिहितो ते असं: 'एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ ची कमाई'. लांबलचक आहे, पण तेव्हापासून विचारायला फोन आलेला नाही.

गूगल फॉर्म करून बघितला, फसला

२०२४ मध्ये एका आर्टिकलने उत्साहाने गूगल फॉर्म बनवला. प्रत्येक कागदाला एक प्रश्न, खाली फाइल चढवायचं बटण. दिसायला सुरेख. तीन ठिकाणी अडला.

एक, फाइल चढवायचा प्रश्न असला की गूगल खात्यात साइन इन करणं सक्तीचं होतं. सहकारनगरच्या आजोबांकडे जीमेल आहे, पासवर्ड मुलाकडे, मुलगा कॅनडात. दोन, चढवलेल्या फाइलच्या नावापुढे गूगल साइन इन केलेल्या माणसाचं नाव जोडतं. दुकानदाराने पुतण्याच्या फोनवरून कागद पाठवले, तर सगळ्या फायली पुतण्याच्या नावाच्या. तीन, आणि हेच मुळावर आलं: फॉर्म फायली क्लायंटनुसार लावत नाही, प्रश्नानुसार लावतो. म्हणजे 'फॉर्म १६' नावाच्या एका फोल्डरात सगळ्यांचे फॉर्म १६, 'बँक स्टेटमेंट'मध्ये सगळ्यांची स्टेटमेंटं. एका माणसाचं रिटर्न भरायला आठ फोल्डर फिरायचे. आधी निदान कागद एका ठिकाणी तरी होते.

स्क्रिप्ट लिहून फायली आपोआप क्लायंटच्या फोल्डरात हलवता येतात, लिहिणारा आर्टिकल हुशार असेल तर. पण आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे; स्क्रिप्ट लिहिणारा गेल्यावर ती दुरुस्त कोण करणार, याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

एक क्लायंट, एक लिंक

शेवटी ज्यावर टिकलो ते साधन ऑफिसात आधीपासून होतं आणि फक्त एक्सेलसाठी वापरलं जात होतं. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस खात्याच्या वनड्राइव्हमध्ये एखाद्या फोल्डरवर 'रिक्वेस्ट फाइल्स' म्हणून पर्याय असतो. त्यातून निघालेली लिंक ज्याच्याकडे जाते त्याला फक्त फाइल चढवता येते. साइन इन लागत नाही. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. हा पर्याय दिसतच नसेल तर बहुधा तुमच्या खात्याच्या ॲडमिनने 'कोणालाही लिंक' हा प्रकार बंद ठेवलेला असतो. आमचाही बंद होता, आणि ॲडमिन कोण हे शोधण्यात दोन दिवस गेले. ड्रॉपबॉक्समध्येही अशीच सोय आहे, तिलाही पाठवणाऱ्याचं खातं लागत नाही.

लिंक उघडणारा माणूस आपलं नाव टाइप करतो आणि ते फाइलच्या नावाआधी लागतं. लोक काहीही लिहितात. आमच्याकडे 'मी' आणि 'पप्पा' या नावांनी फायली आल्या आहेत. क्लायंटगणिक फोल्डर वेगळा असल्याने काही बिघडत नाही. फाइलला ऑफिसचं नाव आम्हीच देतो: क्लायंटचा क्रमांक, वर्ष, कागद. क्लायंटकडून नावांच्या शिस्तीची अपेक्षा ठेवणं आम्ही सोडलं आणि दोन्ही बाजूंचा रक्तदाब कमी झाला.

'आत काय आहे ते दिसत नाही' याचं महत्त्व आम्हाला अनुभवाने कळलं. दोन भावांचा धंदा एक, पण वैयक्तिक रिटर्नं वेगळी. सोयीसाठी आम्ही जुन्या काळी घराचा एकच शेअर्ड फोल्डर ठेवला होता. धाकट्याने आपला कागद टाकायला फोल्डर उघडला आणि मोठ्याच्या मुदतठेवींची यादी वाचली. पुढे त्या घरात काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चूक पूर्णपणे आमची होती. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी हे आपल्या हातून व्हायला नको होतं. तेव्हापासून नवरा-बायकोलासुद्धा दोन लिंका. आणि आधार लागलंच तर मास्क केलेलं मागतो, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

यादीत काय असावं, काय नसावं

इथपर्यंतचं सगळं नळजोडणीचं काम झालं. ते नीट केलं तरी पाणी जुन्याच वाटेने जात राहतं, कारण क्लायंटला नक्की काय द्यायचंय हे त्यालाच ठाऊक नसतं. फोल्डर आलेलं दाखवतो. जे आलं नाही ते दाखवायची त्याच्याकडे सोय नाही. सात फायली पडलेला फोल्डर बघून क्लायंटला वाटतं काम झालं, आर्टिकलला वाटतं काम सुरू झालं, आणि गहाळ असलेला आठवा कागद ३० जुलैला आठवतो.

आमची पहिली यादी बत्तीस कलमांची होती आणि सगळ्यांना तीच जात होती. पेन्शनर काकांना 'शेअर ब्रोकरचं भांडवली नफा विवरण', 'परदेशी मालमत्तेचा तपशील' वगैरे वाचून धडकी भरली. त्यांनी काहीच न पाठवता सरळ फोन केला. आता प्रत्येकाची यादी त्याच्या गेल्या वर्षीच्या रिटर्नवरून काढतो. त्या रिटर्नमध्ये जे जे उत्पन्न होतं, त्याचाच कागद मागायचा, आणि शेवटी एकच मोकळा प्रश्न: 'यंदा काही नवीन घेतलं, विकलं, किंवा नोकरी बदलली का?'

मग यादीला कात्री लावायची. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ धरली जाते. ज्यांचं गेल्या वर्षी नवीत भरलं आणि यंदाही तिथेच राहणार, त्यांच्याकडून एलआयसीच्या पावत्या, पीपीएफचं पासबुक, मेडिक्लेमचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी, हे मागायचंच नाही; या वजावटी नवीत मिळत नाहीत. लोक सवयीने पाठवतात, ते वेगळं. जे आपल्याला आयकराच्या पोर्टलवरून काढता येतं, म्हणजे २६एएस (कापलेल्या कराची नोंद) आणि एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण), तेही त्यांच्याकडे मागू नका. पगारदारांना १५ जूनच्या आधी यादी पाठवू नका, कारण कंपनीने फॉर्म १६ द्यायची तारीखच ती. मे महिन्यात पाठवलेली यादी जूनमध्ये कोणी पुन्हा उघडत नाही.

एवढं केल्यावर आजोबांची यादी पाच ओळींची झाली: पेन्शनचा फॉर्म १६, दोन बँकांची व्याजाची प्रमाणपत्रं, भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा करार, आणि त्याच फ्लॅटची महापालिकेच्या मिळकतकराची पावती. त्यांनी चार कागद त्याच दिवशी चढवले. पाचवा शोधायला कपाट काढावं लागलं, असं नंतर आजी म्हणाल्या.

आलंय, पण उपयोगाचं नाही

शीटवर आधी दोनच रकाने होते, आलं आणि नाही आलं. त्यामुळे मार्च महिनाच नसलेलं स्टेटमेंटही 'आलं' मध्ये जमा व्हायचं. आता पाच शेरे आहेत: मागितलं, आलं, तपासलं, परत, लागू नाही. 'तपासलं' म्हणजे कोणीतरी फाइल उघडली, ती १ एप्रिल ते ३१ मार्चची आहे, वाचता येते आणि ज्याची असायला हवी त्याचीच आहे. 'लागू नाही' हा शेरा मला सगळ्यात लाडका. तो नसताना दरवर्षी कोणीतरी क्लायंटकडे दोन वर्षांपूर्वी विकलेल्या घराचं भाडं मागायचं.

परत जाण्याची कारणं ठरलेली. तिरपा काढलेला फोटो, ज्यात रक्कम घडीत गेलीय. आयफोनचा एचईआयसी फोटो, जो ऑफिसच्या जुन्या विंडोजवर उघडत नाही. आणि पासवर्ड. एआयएसच्या पीडीएफला पॅन लहान अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख आठ आकड्यांत. ई-आधारला नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. बँकांचं प्रत्येकीचं वेगळं, ते ज्या ईमेलमधून स्टेटमेंट येतं त्यातच लिहिलेलं असतं. लिंकसोबतच्या मजकुरात आम्ही एक ओळ घातली, 'फाइलला पासवर्ड असेल तर तो फोनवर सांगा, फाइलच्या नावात लिहू नका.' ही ओळ घालावी लागली, म्हणजे घडलं होतंच.

आठवण कशी करायची

'कृपया उर्वरित कागदपत्रे लवकरात लवकर पाठवावीत' या मेसेजला उत्तर येत नाही. उर्वरित म्हणजे कोणते, हे शोधायला क्लायंटला पुन्हा तोच फोल्डर उघडावा लागतो आणि तो उघडला की तो तिथेच काहीतरी टाकतो. आता शीटवरून थेट नाव उचलतो:

'काका, नमस्कार. रिटर्नसाठी आता दोनच कागद राहिलेत. एक, बँकेचं मुदतठेवीच्या व्याजाचं प्रमाणपत्र. दोन, फ्लॅटच्या मिळकतकराची पावती. लिंक तीच, खाली पुन्हा देतेय. बुधवारपर्यंत आले तर सर गुरुवारी बघतील.'

दिवससुद्धा बघून पाठवते. भोसरीकडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, तेव्हा पाठवलेला मेसेज शुक्रवारच्या धांदलीत बुडतो. मार्केट यार्डातल्या आडत्यांना सकाळी अजिबात नाही; दुपारी लिलाव आटपून विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या झाल्या की. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात ते दोन दिवस आणि गणपतीत पेठांतले रस्ते बंद, त्यामुळे 'आणून देतो' म्हणणाऱ्यांना त्याच्या आदल्या आठवड्यातच लिंकची आठवण करायची. २०२५ मध्ये बिगर-ऑडिट रिटर्नची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरला गेली, पुढे आणखी एक दिवस वाढली. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. निम्म्या पार्ट्या 'बाप्पा गेले की देतो' म्हणत होत्या. शीटवर नावं दिसत होती म्हणून ऑगस्टमध्येच त्यांच्या मागे लागता आलं, नाहीतर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात मिरवणूक निघाली असती.

गळती घरातलीच

सगळं झाल्यावरही दर आठवड्याला चार-पाच कागद शीटबाहेर सापडत होते. माग काढला तर ते सरांच्या व्हॉट्सॲपवर. क्लायंट वीस वर्षांचे, सरांना थेट फोन करणारे, आणि सर मोठ्या मनाने म्हणणार, "मला पाठवा, मी बघतो." मग तो फोटो सरांच्या फोनमध्ये, 'आयएमजी' आणि तारीख अशा नावाने, नातवाच्या फोटोंच्या शेजारी.

व्हॉट्सॲप बंद करा असं सांगून मी वेळ घालवला नाही. पुण्यात कुठल्याही सीएचं व्हॉट्सॲप बंद होणार नाही. नियम एकच केला: कागद कोणाच्याही फोनवर येवो, ज्याच्या फोनवर आला त्याने तो त्याच दिवशी त्या क्लायंटच्याच लिंकवरून चढवायचा. ईमेलला हाच नियम, पेनड्राइव्हला हाच, मार्केट यार्डातून येणाऱ्या कापडी पिशवीलाही हाच. पिशवी आली की स्कॅन, आणि स्कॅन त्या पार्टीच्या लिंकवर. ऑफिसातल्या माणसाने क्लायंटच्या फोल्डरात थेट फाइल ठेवायची नाही, अगदी घाईतसुद्धा. एकच वाट ठेवली की शीटवर नोंद करायला एकाच ठिकाणी बघावं लागतं.

पहिला महिना सरांनी पाळलं नाही. मग रोज संध्याकाळी साडेसहाला मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन "आज काय काय आलंय तुमच्याकडे?" असं विचारू लागले. दोन आठवड्यांत त्यांनी प्रत्येक क्लायंटची लिंक स्वतःच्या फोनवर स्टार करून ठेवली आणि क्लायंटला तीच फॉरवर्ड करायला लागले.

दर जूनमध्ये, याद्या जाण्याआधी, मी वहीतल्या सगळ्या जुन्या लिंका इन्कॉग्निटोमध्ये एकेक करून उघडते. दीड तास जातो. गेल्या खेपेला दोन चालू निघाल्या. एक कोणीतरी मध्येच 'फक्त एक दिवसासाठी' उघडलेली आणि बंद करायला विसरलेली. दुसरी सरांनी स्टार केलेल्यांपैकी, २०२२ ची. ती उघडली तेव्हा आत दोन दिवसांपूर्वीचं एक बँक स्टेटमेंट होतं, पासवर्डसकट नाव दिलेलं.